चिपळूणचा मे महिना, पैठणी केक आणि अंडं न चालणारी आजी

आंबटगोड | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:४०

मंडळी, मदत हवीय. भाचीचं लग्न १७ मेला चिपळूणला आहे. सकाळी लग्न, संध्याकाळी कार्यालयाच्याच मागच्या आवारात, आंब्यांखाली रिसेप्शन. ताईने रुखवत अंगावर घेतलंय आणि केकखातं माझ्याकडे दिलंय. माझी पात्रता एवढीच की भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला मी घरी बाहुलीचा केक केला होता. (बाहुली कमरेतून कलली होती, ते सगळे सोयीस्कर विसरलेत.)

भाचीला पैठणी केक हवाय. तीन मजली, जांभळा, हिरवे काठ, काठावर मोर, मधल्या मजल्यावर ही एवढी नथ. पुण्यातल्या एकींनी ९ किलोचा अंदाज दिलाय. किलोला १८०० रुपये, चिपळूणला न्यायचं तुमचं तुम्ही.

माझी आई, म्हणजे नवरीची आजी, ८२ वर्षांची. अंडं चालत नाही, पण केक जीव की प्राण. "आजीसाठी वेगळा शिरा ठेवू" म्हटलं तर घर डोक्यावर घेईल, तिला नातीच्या हातचा त्याच केकचा तुकडा हवाय. पाहुणे साडेतीनशे. वर कार्यालयवाले म्हणतात, मोठं टेबल एकच आहे, त्यावर रुखवत तरी मांडा नाहीतर केक तरी. त्यावरून ताई आणि भाची दोन दिवस बोलत नाहीयेत.

९ किलोंत साडेतीनशे जणांचं भागतं का? चिपळुणात फॉन्डंट टिकतं का? ज्यांनी हे निस्तरलंय त्यांनी लिहा प्लीज.

सायसाखर | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:१५

ठाण्यात घरून केक करते, अकरा वर्षं झाली. कोकणातल्या लग्नांचे पाच-सहा केलेत, त्यातला एक रडत केलाय. म्हणून सविस्तर लिहिते.

फॉन्डंट म्हणजे शेवटी साखरेची लाटी, आणि साखर हवेतलं पाणी ओढते. पुण्याचा मे कोरडा, तिथे फॉन्डंट फार तर सुकून तडकेल. चिपळूणचा मे दमट. तिथे ते आधी चकाकतं, मग चिकट होतं, मग सावकाश खाली ओघळायला लागतं आणि मोर बसल्या जागी मान टाकतो. फ्रिजमधून ऐन वेळी काढलात तर आणखी पंचाईत. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं केकला पाणी सुटतं. त्यावर एखाद्या पोराने बोट लावलं की ठसा कायमचा.

दुसरं, जांभळा. इतका गडद रंग आणायचा तर फॉन्डंटमध्ये रंगाची अख्खी बाटली जाते. चव कडवट होते, वऱ्हाड जांभळ्या जिभा घेऊन फोटोला उभं राहतं, आणि हवेत ओल असली की तो रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. शिवाय जांभळ्यातला लाल उजेडाने आधी उडतो. खिडकीशी ठेवलेला माझा एक जांभळा केक संध्याकाळपर्यंत निळसर झाला होता. नवरीची साडी एका रंगाची, केक दुसऱ्याच.

आतलं: बटरक्रीम नको, बटर ३२ ते ३५ अंशांत वितळतं आणि तुमच्या मंडपात संध्याकाळी तेवढं सहज असेल. व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट चढवूच नका. डार्क चॉकलेटचं गनाश घ्या. एरवी दोन भाग चॉकलेटला एक भाग क्रीम घेतात, मी मे महिन्यात अडीच भाग घेते. ते घट्ट बसतं आणि आत केकला गिलाव्यासारखं धरून ठेवतं.

प्रवासाला मजले सुटे न्या, रचायचे तिथे जाऊन. प्रत्येक मजल्याखाली आपापला पुठ्ठा आणि खालच्या मजल्यात एका उंचीच्या कापलेल्या दांड्या हव्यात, नाहीतर वरचा खालच्यात रुततो. बिनअंड्याचा स्पंज मऊ असतो, त्यात तर फारच लवकर. खोकं गाडीच्या सीटवर ठेवू नका, सीट मागे उतरती असते. डिकीत सपाट जागी, खाली ड्रॉवरमध्ये घालतात ती रबरी जाळी अंथरून. कुंभार्ली घाटातून जाणार ना? तो रस्ता मला ठाऊक आहे. देव तुमचं भलं करो.

निवृत्त_अप्पा | १२ फेब्रुवारी, रात्री ९:०२

लग्नात केक कशाला, हा मूळ प्रश्न कोणीच विचारत नाहीये. आमच्या वेळी पंगतीत जिलबी, मठ्ठा, संपलं. इंग्रज गेले, केक ठेवून गेले.

वसईवाली | १२ फेब्रुवारी, रात्री १०:३०

अप्पाकाका, आमच्या वसईत लग्नातला केक पाहुणा नाही, घरचाच आहे. आणि आम्ही मराठीच, घरी सामवेदी बोलतो, म्हणून नम्रपणे नोंदवते. :)

इंग्रजांचं म्हणाल तर खरं आहे. व्हिक्टोरिया राणीचं लग्न झालं १० फेब्रुवारी १८४० ला. तिचा केक सुमारे ३०० पौंडांचा होता, म्हणजे १३६ किलोच्या आसपास, वर पांढरंशुभ्र आयसिंग. पांढऱ्या केकची हौस तिथून पसरली. शुभ्र साखर तेव्हा महाग, त्यामुळे केक जितका पांढरा तितकं घर मोठं. आपल्याकडे नवरीच्या अंगावर किती तोळे ते मोजतात, त्यातलाच प्रकार.

पण मला वेगळंच सांगायचंय. माझी आजी लग्नाच्या केकसाठी मनुका, बेदाणे, संत्र्याची साल कितीतरी आधीपासून रममध्ये भिजत घालायची. ती बरणी आठवड्यातून एकदा उघडून हलवायचं काम माझं, आणि तेवढ्या वासानेच मला झोप यायची. त्या घट्ट फळांच्या केकवर काजूचं मार्झिपान, म्हणजे काजू-साखरेची लाटी, आणि वर रॉयल आयसिंग, म्हणजे साखरेचा वाळून कडक होणारा लेप. तो केक फ्रिज न बघता कितीतरी दिवस टिकतो, म्हणून जुन्या लोकांनी लग्नाला तो धरला. गोव्यातही असाच. केक कापून टोस्ट (नवरानवरीच्या नावाने पेले उंचावणं) झाला की छोटे तुकडे कागदात गुंडाळून पाहुण्यांच्या हातात. त्यात अंडी भरपूर, तेव्हा तुमच्या आजींच्या कामाचा नाही. पण मुद्दा हा की दमट हवेतल्या लोकांनी दमट हवेतला केक शोधून ठेवलाय. एसी हॉलमधले फोटो बघून चिपळूणचा केक ठरवू नका.

भटकभोपळा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८:४५

थर्माकोलबद्दल कोणी बोललं का? मित्राच्या लग्नात पाच मजली केक होता. खाली धूर, वर कारंजं, सगळा जामानिमा. खरा केक फक्त सगळ्यात वरचा, बाकी चार थर्माकोलचे. हे केकवालीने नवऱ्याला सांगितलं होतं, आणि नवरा त्या दिवशी काय लक्षात ठेवणार? त्याने नवरीचा हात धरून झोकात तिसऱ्या मजल्यात सुरी घातली. कर्रर्र. माइक जवळच होता. साडेचारशे लोकांनी तो आवाज ऐकला.

थर्माकोल वाईट नाही, पण खऱ्या केकवर खूण करा.

आंबटगोड | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

हसून हसून मेले. हा किस्सा भाचीला पाठवला, तिचं उत्तर: "माझा केक सगळा खरा हवा." झालं.

सायसाखरताई, खूप आभार. एक राहिलं. बाईंना विचारलं "अंडं नाही ना?", त्या म्हणाल्या "एगलेस आहे, प्युअर व्हेज". तेवढं पुरे का?

सायसाखर | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१०

नाही. स्पंज बिनअंड्याचा असला तरी वरचं तपासा. बऱ्याच फॉन्डंटमध्ये जिलेटिन असतं आणि ते प्राण्यांपासून येतं. डब्यावरचा हिरवा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी बघा, बिनजिलेटिनची मिळतात. रॉयल आयसिंगमध्ये मुळात अंड्याचा पांढरा बलक असतो. बिनअंड्याचं होतं मात्र. पुण्याच्याच प्राची धबल देब यांनी तसल्या आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोंची प्रतिकृती उभी केली, त्यामुळे "जमत नाही" असं कोणी सांगितलं तर त्यांना जमत नाही एवढंच समजा.

चांदीचा वर्ख लावणार असाल तर तोही विचारून. पूर्वी तो जनावरांच्या आतड्यांच्या पडद्यांत घालून कुटत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमानुसार वर्ख करताना प्राणिज काही वापरता येत नाही. पाकीटबंद, नाव-गाव छापलेला घ्या, सुटा नको.

चमकीचं तर विचारूच नका. डबीवर "नॉन टॉक्सिक" लिहिलेलं असणं म्हणजे ती खायची असं नव्हे. पोटात गेली तर मरणार नाही एवढंच, कारण ती प्लॅस्टिकची. नथीच्या मोत्यांना बायका ती सर्रास फासतात.

आणि आजींसाठी शेवटचं: त्या बाई एरवी अंड्याचे केक करतात का, भांडी वेगळी आहेत का, हे विचारा. पटलं तर घ्या.

दूरदेशी | १३ फेब्रुवारी, रात्री ११:५५ (न्यू जर्सी)

साडेतीनशे माणसांचं गणित. इथे लग्नाचा तुकडा म्हणजे एक इंच बाय दोन इंच, केकच्या पूर्ण उंचीचा. ६, ८ आणि १० इंचांच्या तीन मजल्यांत सत्तरेक तुकडे निघतात. बाकीच्यांसाठी स्वयंपाकघरात साधे चौकोनी केक असतात, त्याच चवीचे, बिनसजावटीचे. शोभेचा केक कापायचा, फोटो काढायचे, आत न्यायचा आणि आतून ताटल्या भरून आणायच्या. कोणाला कळत नाही. सजावटीचे पैसे लहान केकवर जातात आणि पोट साध्या केकवर भरतं. आमच्या लग्नात असंच केलं आणि खूप वाचले. (पैसे. आम्ही वाचलो नाही, सासूबाईंना कळलंच.)

काठावरची | १४ फेब्रुवारी, सकाळी १०:०५

तुमच्या केकच्या किलोच्या भावात माझ्या लग्नात पाच किलो बुंदी आली असती. असो.

पैठणी शिकलेय थोडी, म्हणून नाक खुपसते. अख्खा केक जांभळ्या फॉन्डंटमध्ये गुंडाळण्याचं खूळ का? पैठणीची ओळख काठपदरात असते. तपकिरी गनाश उघडंच ठेवा आणि प्रत्येक मजल्याच्या पायाशी बोटभर रुंदीची एकच पट्टी. आणि कृपा करून नारळी काठ करा. तो उभ्या निमुळत्या आकारांचा, एक साचा कापला की झालं. मोर घातले की हमखास टर्की कोंबड्या दिसतात. मी तीन केक बघितलेत असे.

सांगलीच्या_काकू | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

दोन दिवस वाचतेय. मुली भांडतायत ती एकाच गोष्टीवरून, असं मला वाटतं. रुखवतात काय असायचं? साखरेचं तुळशीवृंदावन, खोबऱ्याचं कोरीवकाम, डाळींची रांगोळी, हे एवढाले लाडू. खायच्या वस्तूंतून हौस करून दाखवायची आणि सासरच्यांनी चष्मा लावून बघायची. तुमचा केक दुसरं काय आहे? मांडा की त्याच टेबलावर, मधोमध. भोवती रुखवत.

आणि मोत्यांसाठी ती चांदीच्या रंगाची दात पाडणारी गोळी कशाला? हलवा वापरा. संक्रांतीचा. चांगला काटा आलेला पांढरा हलवा गनाशवर ओळीने बसवला तर मोत्यांच्या सरीपेक्षा देखणा दिसतो. मी हलव्याचे दागिने करते, बोरन्हाणाचे आणि नव्या सुनांचे. मुंडावळ्या, नथ, तन्मणी, काय हवं ते. केकच्या वरच्या मजल्याला मुंडावळ्या बांधा. तार-दोरा असतो त्यात, तेवढ्या कापण्यापूर्वी सोडवून घ्यायच्या.

निवृत्त_अप्पा | १४ फेब्रुवारी, दुपारी ४:५२

हलवा संक्रांतीचा. मे महिन्यात हलव्याचे दागिने? पण कल्पना बरी आहे.

सायसाखर | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:४०

काकू, साष्टांग. एकच भीती, दमट हवेत हलवा चिकट होईल ना?

सांगलीच्या_काकू | १४ फेब्रुवारी, संध्याकाळी ७:१५

होईल. म्हणून तर हलवा थंडीत करतात. परातीत मंद आचेवर चमचा-चमचा पाक टाकत बोटांनी फिरवायचा, हवा कोरडी असली तरच काटा फुलतो. पण आता केलेला आहे माझ्याकडे, अजून खडखडीत आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात, खाली कापडाच्या पुरचुंडीत तांदूळ. कार्यालयात पोचल्यावर अगदी शेवटी लावायचा. तीन-चार तास काही होत नाही.

बागवान | १५ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

फुलांबद्दल: पांढरी कण्हेर चुकूनसुद्धा नको, विषारी आहे. केकवर सर्रास लावतात ती जिप्सोफिलाची बारीक पांढरी फुलंही खाण्याची नव्हेत. मोगरा चालेल, पण मंडईतला नको, औषधं मारलेली असतात. कोणाच्या तरी परसातला आणा आणि देठ केकात थेट खुपसू नका, कापलेल्या स्ट्रॉमध्ये घालून खोचा.

आंबटगोड | २ मार्च, रात्री ९:४५

ठरलं एकदाचं. दोन मजले खरे, मिळून साडेतीन किलो, डार्क गनाश, नारळी काठ. सगळ्यात खाली उंचीपुरता थर्माकोल. (भाचीला कसं पटवलं ते विचारू नका. थर्माकोलवर मागच्या बाजूने मार्करने फुली मारायची या अटीवर.) आत साधे केक १२ किलो, तेही बिनअंड्याचे. बाई बदलल्या, या फक्त शाकाहारीच करतात. सांगलीहून कुरियर येतंय. ताई आणि भाची एकत्र बसून नथीचा आकार ठरवतायत, म्हणजे आता दोघी मिळून माझ्याशी भांडतात.

आंबटगोड | २१ मे, दुपारी १२:३०

वृत्तांत! उशीर झाला, क्षमस्व. पाय अजून सुजलेले आहेत.

केक घेऊन पहाटे चारला निघालो. मेव्हणे गाडी चालवत होते, मी मागे वळून खोक्याकडे बघत, मान अवघडली. घाटात पुढे ट्रक, प्रत्येक वळणावर मी "हळू", मेव्हणे "हळूच आहे". खोकी जागची हलली नाहीत, ती रबरी जाळी म्हणजे कमाल आहे. हललं ते माझं पोट.

पुढची लढाई मुंग्यांची. आवारात आंब्याखाली टेबल मांडलं आणि पाच मिनिटांत बुंध्यापासून टेबलापर्यंत डोंगळ्यांची रांग. मी हातपाय गाळले. आईने बसल्या जागेवरून सांगितलं, "चार ताटल्या आण." टेबलाचे चारही पाय पाण्याच्या ताटल्यांत उभे केले, पूर्वी जाळीच्या कपाटाचे करायचे तसे, आणि वरून टेबलक्लॉथ पायघोळ सोडला. एकही डोंगळा वर आला नाही. फोटोग्राफरने मात्र मोर्चा टेबलाकडे वळवला आणि सरळ ताटलीत पाय घातला. त्याचा बूट ओला झाला, शिवी त्याने गिळली, केक जरासा डुलला आणि थांबला.

हलवा आम्ही साडेपाचला लावायला घेतला. चिमट्याने एकेक दाणा. गनाश वरून आवळलेलं, त्यामुळे दाणे घरंगळायचे. मग भाचीच्या नणंदेने हेअर ड्रायर आणून लांबून जरा ऊब दिली आणि दाणे पटापट बसले. सायसाखरताई, ही युक्ती तुमच्या वहीत लिहा. दोनशे चौदा दाणे लागले. काट्यांवर मंडपाचे दिवे पडले तेव्हा त्या तपकिरी केकवर जे काही दिसलं ना! रुखवत बघायला आलेल्या चुलत सासूबाई केकपाशीच थांबल्या आणि त्यांनी विचारलं, "हलवा कुठला?" केकचं कोणी विचारलंच नाही.

कापायच्या आधी मुंडावळ्या सोडवून नवरीच्या हातात दिल्या, तर लोक म्हणाले नाव घे. तिने तिथल्या तिथे जुळवलं:

पैठणीच्या केकला हलव्याचा काठ,
...रावांचं नाव घेते, सोडा आता वाट.

सुरी बरोबर खऱ्या मजल्यात गेली. आईने पहिला तुकडा खाल्ला, म्हणाली "जरा गोड कमी आहे," आणि दुसरा मागितला.

बिघडलं ते एकच. नथ खालच्या मजल्यावर उतरली होती, आठच्या सुमारास. कोणीतरी उचलून शेजारच्या रुखवतातल्या लोकरीच्या बाहुलीला अडकवली आणि फोटोंत ती तशीच आलीय. आतल्या केकपैकी तीनेक किलो उरला, आंबा आइस्क्रीमपुढे कोणाचं चालणार?

सांगलीच्या_काकू | २१ मे, दुपारी १:०५

दोनशे चौदा मोजलेत? माझ्या तालमीतल्या शोभता.

सायसाखर | २१ मे, दुपारी २:२०

ड्रायर! लिहून घेतलं. त्या थर्माकोलचं काय केलंत?

आंबटगोड | २१ मे, दुपारी २:४५

ताईने पुण्याला परत आणलाय. म्हणते काठ इतका सुंदर आहे, गणपतीच्या सजावटीला वापरू.

भटकभोपळा | २१ मे, दुपारी ३:००

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे हो.

आंबटगोड | २१ मे, दुपारी ३:१०

अरे देवा. मग माळ्यावरच राहू दे. तिथेही मुंग्या पोचल्यात, आत्ताच बघून आले.